गाडीला नावं ठेवण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज निवांत बसून वाचला. विजापूर रोडवरच्या टपरीवर तुम्ही मित्र रात्री उशिरापर्यंत गाड्यांवरून कसे भांडता, कुणाला कुठली ग्रिल आवडत नाही, कुणाला कुठला मागचा दिवा, सगळी हकिकत त्यात आहे. मला ते फार आवडलं. आपल्या सोलापुरात गाडीवर जीव लावून बोलणारी पोरं आहेत याचं बरं वाटतं. शेवटी तू विचारलंस की पहिली गाडी कुठली घेऊ, नवी की जुनी. त्याकडे येतो. पण आधी तुझ्या मामाच्या छोट्या सेडानबद्दल, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेल्या गाडीबद्दल बोलू, कारण तिच्याबद्दलचं तुझं वाक्य मला खटकलं. "मागून कुऱ्हाडीने तोडल्यासारखी दिसते, हिच्या डिझायनरला कामावरून काढायला पाहिजे."

ती तोडलेली दिसते, कारण ती खरंच कापलेली आहे. का कापली, ते २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सापडेल. त्या वर्षी लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. लहान गाडी कुठली, तर जिची लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत. आपल्याकडे डिकीवाल्या गाडीला मान जास्त. लग्नाच्या बोलणीला दारात डिकीवाली गाडी उभी असली की माणूस स्थिरस्थावर वाटतो. मग कंपन्यांनी डिकीही ठेवली आणि चार मीटरही पाळले. टाटांनी २००८ मध्ये इंडिगो सीएस आणली. मारुतीची पहिली डिझायर चार मीटरपेक्षा लांब होती, ती २०१२ मध्ये ३९९५ मिलिमीटरवर आली. पाच मिलिमीटर शिल्लक ठेवून सरकारच्या रेषेच्या आत.

आता त्या डिझायनरच्या जागी बसून बघ. पुढे इंजिन हवं, त्याच्यापुढे धक्का पचवायला जागा हवी, दोन रांगांत पाच माणसांचे पाय मावायला हवेत. या सगळ्यातून उरेल तेवढीच डिकी. ती आखूड आणि उंच होणार, छत मागे जरा घाईने उतरणार. त्याने जे वाचवलं ते तुझ्या मामाच्या खिशात राहिलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले तरी हीच पट्टी चालू आहे. चार मीटर आणि १२०० सीसीच्या आतल्या पेट्रोल गाडीला १८ टक्के, वरच्या मोठ्या गाड्यांना ४० टक्के. आपल्या रस्त्यावर दिसणाऱ्या निम्म्या आकारांचं कोडं या एका पट्टीने सुटतं.

म्हणून ती सुंदर आहे असं मी म्हणणार नाही. त्यातल्या बऱ्याच गाड्या मलाही बेढब वाटतात. पण त्यातही डावं-उजवं करता आलं पाहिजे. ज्या गाड्या आधी लांब होत्या आणि नंतर छाटल्या, त्या छाटलेल्या दिसतात. ज्या पहिल्या रेषेपासूनच चार मीटरमध्ये सेडान म्हणून काढल्या, त्या बऱ्या दिसतात. २०१२ ची डिझायर आणि २०१७ ची डिझायर शेजारी उभ्या करून मागच्या काचेचा उतार बघ. हा फरक ज्याला दिसतो त्याचं मत मी ऐकेन. नुसतं "घाण आहे" म्हणायला डोळे लागत नाहीत.

माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे. गाडीचा कुठलाही विचित्र आकार दिसला की तो कुठल्या अडचणीतून निघाला ते आधी शोध. कर, ऊन, खर्च, टॅक्सीवाल्यांची मागणी, म्हाताऱ्या माणसांचे गुडघे, काहीतरी असतंच. ते सापडल्यावर खुशाल नावं ठेव.

मी विम्याचा सर्व्हेअर. अपघातात उघडलेल्या गाड्या बघण्यात अख्खी नोकरी सरली. शोरूममध्ये गाडी वरून दिसते, मला ती आतून दिसायची. दाराच्या पत्र्याआड कुठला रॉड आहे, बंपरच्या मागे लोखंड आहे की थर्माकोलसारखा हलका फोम, हेडलाईट दोन बोल्टने निघतो की त्यासाठी अर्धी गाडी उतरवावी लागते. डिझाइन म्हणजे तेही. तुमच्या गप्पांत ते कधीच येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

गाड्यांवरच्या विनोदांबद्दलही सांगतो. आपलं गाव या बाबतीत मागासलेलं नाही. वालचंद हिराचंद १८८२ मध्ये इथेच, सोलापुरात जन्मले. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. पुढे तिथेच फियाटच्या परवान्याने ११०० डिलाईट तयार होऊ लागली आणि सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळालं. ज्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज तू रोज पाहतोस, त्यांच्या कारखान्यातली गाडी मुंबईत टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत दिसत होती. पद्मिनी आणि अॅम्बॅसिडरवर लोकांनी जे विनोद केले ते ऐकण्यासारखे होते. अॅम्बॅसिडरमध्ये हॉर्न सोडून सगळं वाजतं, हा तर देशभर फिरला. पण तो सांगणारा माणूस स्वतः अॅम्बॅसिडर चालवत असे. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर अडकला की कुठे हात घालून सोडवायचा हे त्याला ठाऊक होतं. पुढच्या सोफ्यावर तिघं बसून पंढरपूरला जाऊन आलेला तो माणूस होता. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली ही गाडी १९५७-५८ पासून २०१४ पर्यंत जवळपास त्याच अंगाने निघत राहिली, कारण पहिली काही दशकं फारशी स्पर्धाच नव्हती. तिच्यावर हसताना लोक त्या परिस्थितीवरही हसत होते.

चांगला विनोद बारकाव्यातून येतो. एएमटीवाली, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप बदलणारी गाडी प्रत्येक गिअरला मान डोलावते, हा विनोद मला आवडतो. कारण क्लच सुटून परत लागेपर्यंतची ती पोकळी ज्याने मानेत अनुभवली आहे त्यालाच तो सुचू शकतो. याउलट कुणाच्या गाडीला "डबा" म्हणणं हा विनोदच नव्हे. त्यात माहिती नाही आणि मायाही नाही. यंत्रमागावर किंवा विडीच्या घरात पोट भरणाऱ्या कुणी पै-पै जोडून जुनी आल्टो घेतली, सिद्धेश्वराच्या देवळापाशी नेऊन चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. त्या गाडीवर तुमच्यापैकी कुणी हसलं, तर माझी विनंती आहे की तू तिथे हसू नकोस. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुती ८०० ची किल्ली हरपाल सिंग यांच्या हाती आली, तेव्हापासून या देशातल्या लाखो घरांनी पहिल्या गाडीबरोबर काय अनुभवलं ते ७९६ सीसीच्या आकड्यात मावत नाही.

तू नॅनोवर फार लिहिलं आहेस. तिच्यापाशी जरा थांबायला हवं, कारण डिझाइन शिकायचं असेल तर नॅनोइतकी चांगली शाळा नाही. जानेवारी २००८ मध्ये ती दाखवली, २००९ मध्ये विक्रीला आली. स्कूटरवर चौघं बसलेलं कुटुंब पावसात भिजतं, त्यांना एक लाखात गाडी द्यायची, एवढीच अट. त्या अटीतून पुढचं सगळं निघालं. लांबी ३१०० मिलिमीटरच्या आसपास, तरी आत चार मोठी माणसं आरामात बसतात. कारण ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागे टाकलं आणि चाकं चार कोपऱ्यांत ढकलली. वायपर एकच, पण संपूर्ण काच पुसणारा. चाकाला चारऐवजी तीन नट. डिकीला बाहेरून दारच नाही, सामान मागची सीट पाडून ठेवायचं, कारण मोठं दार कापलं की चौकटीला मजबुती देण्यासाठी वजन आणि खर्च वाढतो. यातल्या एकेका निर्णयामागे कुणीतरी रात्र जागवली आहे. एक वायपर बघून तुम्ही हसता तेव्हा दुसऱ्या वायपरची मोटर-दांडी वगळून तीच काच पुसण्याचा कोन कसा साधला, हे आधी विचारा.

मग ती चालली का नाही? माझ्या मते लोक गाडी केवळ बसायला घेत नाहीत. शेजाऱ्याला दिसावी, मुलाच्या शाळेच्या दारात उभी करावी, बायकोच्या माहेरी न्यावी म्हणून घेतात. "सर्वात स्वस्त गाडी" हा शिक्का कपाळावर घेऊन माहेरी कोण जाईल? खुद्द रतन टाटांनी नंतर सांगितलं की तिला स्वस्त म्हणून विकणं चुकलं. २०१४ मध्ये ग्लोबल एनसीएपी या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्या आपटून पाहिल्या, पाचही शून्य तारे घेऊन आल्या, त्यात नॅनोही होती. हेही लपवू नये. २०१५ ला बाहेरून उघडणारं मागचं दार आलं, पण तोवर लोकांचं मन उठलं होतं. २०१८ मध्ये उत्पादन जवळपास थांबलं. हुशार डिझाइन आणि फसलेली गाडी या दोन्ही गोष्टी एकाच गाडीत असू शकतात, आणि दोन्ही एका दमात बोलता यायला हव्यात.

याच्या अगदी उलट बोलेरो. तुमच्या टपरीवर तिला कुणी दहापैकी दोनसुद्धा देणार नाही. चौकोनी, सपाट, २००० सालापासून तोंडवळा तोच. पण मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोटच्या वाड्या-वस्त्यांवर जाऊन बघ. पत्रा सपाट आहे म्हणून गावातला पत्रावाला तो हातोडीने सरळ करतो. बंपर वेगळा निघतो. खाली चेसिसची, म्हणजे लोखंडी सांगाड्याची शिडी आहे म्हणून शेतातल्या बांधावर अंग पिळवटत नाही. बाजारात उभी केली तर उंच सीटवरून उसाच्या ट्रॉलीपलीकडचं दिसतं. ज्या माणसासाठी ती काढली त्याला ती पटली आहे, आणि पंचवीस वर्षं तो तिला घेतो आहे. डिझाइनचं याहून मोठं प्रमाणपत्र मला माहीत नाही. तुला ती आवडायलाच हवी असं नाही, तू तिचा गिऱ्हाईकच नाहीस.

आता ऊन. हा विषय मला सर्वात जवळचा, कारण गाड्यांची मतं तयार होतात मुंबई-पुण्यात आणि गाडी वापरायची असते आपल्याला, मे महिन्यात, ४२-४३ अंशांत. तुझ्या यादीत पहिली अट सनरूफची आहे. मी स्पष्ट विरोध करतो. सोलापुरात वर्षाचे आठ महिने ती काच पडद्याआड बंद राहणार, आणि तरीही छतातून उष्णता आत येत राहणार. तिच्या चारही कोपऱ्यांना पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्या खांबांतून खाली उतरतात. आपल्याकडची धूळ आणि लिंबाचा पाला त्या नळ्यांत बसला की पहिल्या मोठ्या पावसात पाणी छताच्या अस्तरातून थेट सीटवर. मालकाला वाटतं काच गळते, तो सीलंट भरत बसतो. खरा इलाज नळी साफ करण्याचा. असे क्लेम बघताना फार हळहळ वाटायची. शिवाय पोरांना त्यातून उभं करून होटगी रोडने गाडी पळवणारे आईबाप दिसतात. जोराचा ब्रेक लागला तर काय होईल याचा विचार त्यांनी केलेला नसतो.

त्यापेक्षा आतल्या रंगाकडे बघ. काळं इंटिरिअर फोटोत भारी दिसतं. दुपारी दोनला नवी पेठेत उभी केलेली गाडी तीनला उघडलीस की काळ्या सीटला हात लावून बघ. फिका रंग मळतो हे खरं, पण मळ धुता येतो. बाहेरून पांढरा रंग. "सगळ्यांचीच पांढरी, कंटाळा आला," असं तू लिहिलंस. पांढरा रंग ऊन परत फेकतो, पत्रा कमी तापतो, एसीला कमी झुंजावं लागतं. पांढऱ्यावर धूळही उशिरा दिसते. आपल्या गावासाठी पांढरा हा कंटाळवाणा नव्हे, समजूतदार रंग आहे. मागच्या सीटसाठी एसीच्या जाळ्या आहेत का, ते बघ. सनरूफच्या पैशात त्या मिळत असतील तर दुसरा विचार करू नको.

आणि कळा. म्हणजे बटणं. मोठ्या टचस्क्रीनवर तुझं प्रेम आहे, पण एसीचा वेग वाढवायला तीनदा बोट लावावं लागत असेल आणि त्यासाठी रस्त्यावरून नजर काढावी लागत असेल, तर ते डिझाइन नापास. गोल फिरणारी कळ बोटाला अंधारातही सापडते. युरोपात हे आता मान्य झालंय. युरो एनसीएपीने २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड दिवे, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन कॉल यांना हाताने दाबता येणारी कळ असेल तरच पूर्ण गुण द्यायचं ठरवलं आहे. चकचकीत काळं प्लास्टिक, ज्याला तुम्ही पियानो ब्लॅक म्हणता, तेही आपल्या धुळीत टिकत नाही. एकदा कोरड्या फडक्याने पुसलं की कायमचे ओरखडे.

दार आपटून गाडीची ताकद बघायची तुम्हा सगळ्यांना सवय आहे. दार "धप्प" लागलं की भारी, "टण्ण" लागलं की पत्रा पातळ. त्या आवाजाचा ताकदीशी फारसा संबंध नाही. दाराचं रबर, कुलपाची घडण आणि पत्र्याला आतून चिकटवलेले आवाज मारणारे पॅड यांतून तो आवाज जाणूनबुजून घडवतात. गाडी माणसाला वाचवते ती आतल्या सांगाड्याने. पुढचा भाग चुरगळून धक्का खायचा आणि माणसं बसलेली पेटी शाबूत ठेवायची, अशी ती रचना. अपघातानंतर मालक मला म्हणायचे, "बघा हो साहेब, किती चेपली, काय दर्जा आहे?" मी त्यांना दार उघडून दाखवायचो. दार सहज उघडतंय, डॅशबोर्ड जागेवर आहे, तुम्ही पायाने चालत आलात. गाडीने तिचं काम केलं. भारत एनसीएपी ही आपल्याकडची सुरक्षा चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे, त्याचे तारे बघ, आणि मोठ्यांचे व मुलांचे तारे वेगवेगळे बघ.

पुढे लोखंडी गार्ड लावायचा नाही. केंद्राने २०१७ च्या डिसेंबरमध्येच त्यांच्यावर कारवाई करा असं राज्यांना कळवलं. तो गार्ड धक्का थेट चेसिसला देतो, त्यामुळे एअरबॅगच्या सेन्सरचा हिशोब बिघडू शकतो, आणि समोरच्या पायी माणसाचं हाड मोडतं. सीटवर जाडजूड शिवलेली कव्हरंही नकोत, काही गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्याच कडेतून फुगते आणि ते कव्हर तिला अडवतं. ऊसाच्या हंगामात रात्री टेंभुर्णी किंवा पंढरपूरच्या रस्त्याला एकच काळजी घे. मागच्या दिव्याविना, रिफ्लेक्टरविना, स्वतःच्या रुंदीबाहेर पसरेल इतकी भरलेली ट्रॉली पुढे असणारच, असं धरून चालव. त्या रस्त्यावर मी जे पाहिलं ते इथे लिहिणार नाही.

खर्चाचं थोडक्यात. गाडीच्या विम्यात जी किंमत धरतात, ती एका वर्षात १५ टक्के उतरते, दोन वर्षांत २०, तीनमध्ये ३०, चारमध्ये ४० आणि पाच वर्षांत ५० टक्के. दुरुस्तीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर सरसकट ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे निम्मा भार तुझ्यावर. काचेवर काही कापत नाहीत. आता आजच्या गाडीकडे या नजरेने बघ. समोरून जे दिसतं त्यात प्लास्टिक किती? बंपर, ग्रिल, हेडलाईट, सगळं. लांब पसरलेला एलईडी दिवा कोपऱ्यात तडकला तर पूर्ण संच बदलावा लागतो. मागचे दोन दिवे जोडणारी ती लाल पट्टी, जिच्यावर तू फिदा आहेस, ती डिकीच्या झाकणावर असेल तर मागून रिक्षाने हलकी टक्कर दिली तरी खर्च तिप्पट होऊ शकतो. म्हणून पहिली पाच वर्षं झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी विम्याची जोड घेच. आणि दुरुस्तीचा खर्च विम्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉसमध्ये, म्हणजे पूर्ण नुकसानीत धरतात, हेही लक्षात ठेव.

मोठी चाकं, बदललेला सायलेन्सर, रंगीत लाईट, तुझ्या मित्राच्या गाडीवर हे सगळं आहे असं लिहिलंस. त्याला सांग, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून घे. गाडीची मूळ रचना बदलता येत नाही, आणि विमा कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी अंगावर येतो. मोठ्या रिमबरोबर टायरची कड बारीक होते. आपल्या जुळे सोलापूरच्या खड्ड्यांत ती कड रिमवर चिमटते आणि टायरला बाजूने गाठ येते. गाठ आलेला टायर दुरुस्त होत नाही.

डिझेलचा विचार सोड. तुझं रोजचं अंतर आसरा चौकातून एमआयडीसीपर्यंत. २०२० पासूनच्या बीएस ६, म्हणजे धुराच्या नव्या सरकारी नियमांच्या डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला इंजिन बराच वेळ गरम आणि वेगात राहावं लागतं. एवढ्याशा फेऱ्यांत ते तापतच नाही, फिल्टर भरतो, दिवा लागतो, मग मालक कंपनीला शिव्या देतो. आठवड्याला पुणे-सोलापूर करणाऱ्याला डिझेल शोभतं. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या मळीतून आलेलं असेल. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून अॅव्हरेज थोडं कमी पडणार. जुनी गाडी घेतलीस तर इंधनाचे रबरी पाइप ई२० ला, म्हणजे या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारे आहेत का हे तिच्या मालकाच्या पुस्तिकेत बघून घे, किंवा पाइप बदलून घे. "किती देते?" हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला टाकी फुल ते टाकी फुल मोजून उत्तर दे. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नकोस.

आता तुझी गाडी. तुझ्या पगारात आणि तुझ्या घराला माझा सल्ला जुन्या गाडीचा आहे. तीन ते पाच वर्षांची, पेट्रोल, एमएच १३ पासिंगची, म्हणजे सोलापूरच्याच नोंदणीची, एकाच मालकाची हॅचबॅक, म्हणजे डिकी वेगळी बाहेर न आलेली गाडी. वर सांगितलेली ती घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते. उंच छताची गाडी बघ. तुला ती डबडी दिसते हे मला ठाऊक आहे. पण सीट अशा उंचीवर असते की माणूस नुसता बाजूला वळतो आणि बसतो, वाकावं लागत नाही, उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागत नाही. वॅगन आर आपल्याकडे १९९९ च्या अखेरीस आली ती हीच गोष्ट घेऊन, आणि अजून रस्त्यावर आहे. तुझ्या आजीला दर गुरुवारी अक्कलकोटला जायचं असतं. तुझ्या बहिणीकडे पुण्याला जाताना कडक भाकरीचे डबे, शेंगाची चटणी, दोन चादरी आणि आईची पिशवी डिकीत मावायला हवी.

गाडी बघायला जाशील तेव्हा संध्याकाळी जाऊ नकोस. दुपारी जा, इंजिन रात्रभर थंड राहिलेलं असेल अशीच अट घाल. आपल्याआधी मालकाने गाडी तापवून ठेवली असेल तर परत ये, दुसऱ्या दिवशी जा. एसी पूर्ण चालू ठेवून गाडी जागेवर उभी राहू दे आणि थंडावा टिकतो का बघ. मग चारजण बसवून मधल्या मारुतीच्या गर्दीत ने. तिथे खिडकीची रेषा किती वर आहे, मागून येणारा दुचाकीवाला दिसतो का, वळायला किती जागा लागते हे सगळं पाच मिनिटांत कळतं. तिथून पुणे महामार्गावर काढ, ऐंशीला स्टिअरिंग एका बाजूला ओढतं का बघ. परत आल्यावर दारांची आणि बोनेटची फट सगळीकडे सारखी आहे का, हे बोट फिरवून बघ. एका बाजूची फट मोठी असेल तर तिथे पत्राकाम झालंय. बोनेटच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर ते उघडलं गेलंय. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही टायर एकाच सुमाराचे नसतील तर का, हे विचार.

कागदपत्रांत आरसी, विमा, पीयूसी, आणि कर्ज असेल तर बँकेचं नाव उतरवल्याचा फॉर्म ३५. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. हे सगळं हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस, बयाणा देऊन पावती घे. विम्याच्या जुन्या क्लेमची माहिती मालकाकडून मागून घे. तो टाळाटाळ करायला लागला तर तिथेच थांब.

तुझ्या बाबांना पांढरीच हवी आहे आणि तुला लाल. या बाबतीत मी बाबांच्या बाजूने आहे, त्यांना तसं सांग. आईला मागच्या सीटवर बसवून एक फेरी नक्की मार आणि तिचं म्हणणं लिहून घे. रविवारी सकाळी मी मोकळा असतो. गाडी ठरायच्या आधी फोन कर, मी टॉर्च घेऊन येतो, खालून चेसिस बघू.

तुझा,
काका